टेपाडावरची गळती

पासली गावाच्या वरच्या अंगाला डांबर संपतं. तिथून पायवाटेनं चढत गेलं की एक वस्ती लागते. निम्म्या घरांना कुलपं. कडेच्या घरात धोंडाबाई एकट्या राहतात. वय विचारलं तर म्हणतात, "आधारवर काय लिवलंय तेच धर."

मी या भागात रेशन, रस्ता, पाणी यांसाठी भांडत फिरते. शाळा सातवीत सुटली, बाकीचं कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर शिकले. कुठं काय मुरतंय याचा वास मला लगेच येतो, असा माझा दावा आहे आणि तो मी सोडलेला नाही. पण धोंडाबाईंच्या पाण्यानं मला चक्रावून टाकलं. अजून पुरतं उलगडलेलं नाही.

त्यांच्या दारात झऱ्याचं पाणी येतं. झऱ्यापाशी छोटी टाकी, तिथून काळा पाइप. पाइप आधी ओढ्यात उतरतो, मग एका टेपाडावर चढतो आणि तिथून खाली वस्तीत येतो. मोटार नाही, वीज नाही. टेपाडाचा माथा झऱ्यापेक्षा थोडासाच खाली आहे, पण तेवढ्या फरकावर पाणी ओढ्यातून परत वर चढतं. हेही मला पहिल्यांदा पटलं नव्हतं. पाणी वर कसं चढेल, म्हणून मी लई वाद घातला होता.

पाण्याच्या बाबतीत धोंडाबाई कडक. डोक्यावर हंडा घेऊन ओढा चढण्यात सारी हयात गेली. तांदूळ धुतलेलं पाणी गाईला, भांडी विसळलेलं अळूला. पाहुण्यानं पेल्यात घोटभर ठेवलं तर त्या समोर उभ्या राहतात, तो पिऊन टाकेपर्यंत. त्या वस्तीत गळका नळ म्हणजे घरात शिरलेला चोर.

मुलगा कुमार वरव्याजवळच्या एका कारखान्यात आहे, बायको-पोरं तिकडंच. तो दर उन्हाळ्यात म्हणायचा, "आई, चल खाली." त्यांचं उत्तर ठरलेलं, "दारात पाणी हाय तवर हलायची न्हाई."

यंदा होळीनंतर दारातली धार बारीक झाली आणि वैशाखात थांबली. कुमारनं फोनवर सांगितलं, "रविवारी टेम्पो घेऊन येतो. आता सबब न्हाई." मग धोंडाबाईंनी मला फोन केला.

"बाय, माजं पानी कुनीतरी तोडलं. ते न्हाई आलं तर मला जावं लागंल."

तोडलं म्हटल्यावर मला दुसरं काही सुचतच नाही. मी थेट वरच्या वाडीत गेले. तिथला ज्ञानू जनावरं राखतो, झरा त्याच्या वाटेवर. त्याला बांधावर गाठला.

"पाइप कुणी फोडला?"

"फुटला असता तर चिखल दिसला असता. दाखवा की, कुठं हाय?"

"मग वळवलंय."

"व्हय, खिशात घालून नेलं. तपासा." त्यानं खरंच सदऱ्याचा खिसा उलटा केला.

मी तापले. पण त्याच्यासोबत टाकीवर गेले तर ती काठोकाठ भरून वाहत होती. पाइपाच्या तोंडावरची जाळी स्वच्छ. मग आम्ही दोघं पाइप हातानं चाचपत खालपर्यंत आलो. कुठं चीर नाही, कुठं ओल नाही. वर पाणी आहे, खाली नाही, मधे सांडतही नाही. आता मोर्चा न्यायचा तरी कुणाच्या दारात?

"मग पाणी गेलं कुठं?" मी विचारलं.

"गेलंच न्हाई ताई. ते आत शिरायलाच तयार न्हाई."

"का?"

"ते त्यालाच इचारा."

धोंडाबाईंनी झऱ्यावर नारळ फोडला, दहीभात ठेवला. मी पाइपाचं खालचं टोक तोंडात धरून ओढलं, हाती काही लागलं नाही. फुंकलं तर फुंकर जराशी आत गेली आणि परत तोंडावर आली. आत कुणीतरी बसलंय आणि मला ढकलतंय, असं वाटलं.

रविवारी कुमार आला. टेम्पो डांबरावर उभा. भांडी, गोधड्या, पाटा खाली गेला. गाय ज्ञानूकडं द्यायची ठरली. धोंडाबाई चुलीजवळ सारवत होत्या. जाणाऱ्या बाईनं सारवायचं कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"पाइप बी गुंडाळून नेतो, न्हाईतर कुनीतरी उचलंल," म्हणत कुमार टेपाडाकडं निघाला. मी भांडत मागं, माझ्या मागं धोंडाबाई.

माथ्यावर पाइपाला काळी पट्टी गुंडाळलेली होती. ज्ञानूबरोबर चाचपताना ती हाताला लागली होती, पण जोड असेल म्हणून सोडून दिली होती. कुमार खाली बसला.

"ही कुनाची?"

"माजी," धोंडाबाई म्हणाल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढा होता. "बारीक भोक हुतं. रातंदिस फुसफुस करून पानी उडायचं. किती सोसायचं? सायकलच्या टुबची पट्टी आवळली, वरनं सुतळी. बघ, थेंब न्हाई."

"कधी आवळलीस?"

"होळीच्या आदी."

कुमार पट्टीवर हात ठेवून बसून राहिला. मला हसू आलं. "गळती बुजवली म्हणून पाणी थांबतंय व्हय?"

खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. कुमारनं तिकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग खिशातनं चाकू काढला आणि सुतळी कापली.

पाणी आलं नाही. आली हवा. सापासारखी सूं करत, संपता संपेना. मग गुरगुर, थुंकल्यासारखे दोन शिंतोडे, आणि भोकातून पाण्याची दोऱ्याएवढी धार उडाली. पाइप हाताला गार लागायला लागला. खाली वस्तीत पाइपाच्या तोंडाशी पालथ्या ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यावर पाणी पडल्याचा आवाज आला.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"पाइपानं हवा धरली हुती. पान्याबरूबर बुडबुडं येत्यात, उंचवट्याला गोळा हुत्यात. आदी या भोकातनं निघून जायचं."

"पण हवेला वजन किती? डोंगराच्या पाण्याला ती अडवेल कशी?"

"डोंगराचा जोर कुठाय? ओढ्यात उतरलेलं परत चढण्यात संपतं. राहतो तो झऱ्यापासनं हितवरचा. तो कितीसा? टेम्पोच्या ब्रेकात हवा धरली की पायडल नुसतं आत जातं, गाडी थांबत न्हाई. हवा दबती, जोर खाऊन टाकती."

"अरे, तेलाच्या डब्याला आपण दुसरं भोक पाडतो ते हवा आत यायला. हितं बाहेर जायला? एकाच हवेची दोन कामं?"

"मला बी सगळं कळत न्हाई, ताई. कारखान्यात जोर दावणारा काटा असतो, तो बघायचा. हितं काटा कुठाय?"

म्हणजे चोर कुणीच नव्हता. मला असल्या भांडणाची सवय नाही.

धोंडाबाई त्या उडणाऱ्या धारेकडं बघत होत्या. "मंजी ही अशीच सांडू द्यायची?"

"हां."

"रोज?"

"रोज. बुजवलीस की पानी बंद."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हा पोरगा थट्टा करतोय का म्हणून. मी 'नाही' म्हणून मान हलवली, मलाही खात्री नव्हती तरी. "सांडलं तर येतं, राखलं तर जातं," त्या पुटपुटल्या. "हे कुठलं शास्तर?" आणि तळहात त्या धारेखाली धरून तशाच बसल्या.

उतरताना मी कुमारला गाठलं. "तू गप बसला असतास तर आज आई टेम्पोत असती."

"टेम्पोवाला खोळंबलाय ताई," तो म्हणाला, आणि भराभरा खाली गेला.

थोड्या वेळानं तो पाटा खांद्यावर घेऊन परत चढताना दिसला. वरून धोंडाबाई ओरडत होत्या, "गोधड्या दुसऱ्या खेपंला आन, कंबर मोडून घेशील." तो रागावलाय की सुटलाय, हे मला त्याच्या चालण्यावरून कळेना.