बोटीसाठी घेतलेला फ्रॉक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला नाही. वहिनीला सांगायची तर गरजच उरली नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरी येणार नाही.

मी शांत मुलगी आहे, असं सगळे म्हणतात. इंग्रजी शाळेत इंग्रजी बोलायला लाजायचे, गल्लीत मराठी. बोलायचे ती फक्त दादाशी. संध्याकाळी आमच्या गारखेडा भागातून त्याच्या स्कूटरवर एक चक्कर — ती माझी. त्याचं लग्न झालं आणि मागची सीट वहिनीची झाली. यात तिचं काय चुकलं? काहीच नाही.

गोव्याला आम्ही चौघं गेलो, आई धरून. दुपारी जुन्या गोव्यातली दोन चर्च, तिथून थेट पणजी, संध्याकाळी मांडवीतली बोट. बोटीवर गाणी लागतात, जोडप्यांना नाचायला बोलावतात — दादानं हे सांगितल्यापासून वहिनीच्या डोक्यात तेवढंच होतं. त्यासाठी गुलमंडीच्या बाजारात तिनं फ्रॉक घेतला, आयुष्यातला पहिला. गर्द लाल, बिनबाह्यांचा. मीच निवडून दिला.

"ताई, लई उघडं नाय ना दिसत? तुम्हाला कळतं यातलं."

कळत होतंच. उघड्या खांद्यांनी चर्चमध्ये सोडत नाहीत, हे मी तिथं जायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर वाचलं होतं. तरी हॉटेलात मी म्हणाले, "आत्ताच घाला वहिनी, मग बदलायला वेळ मिळणार नाही." हे खरंही होतं. खरं बोलूनही करता येतं असं — माहीत आहे तुम्हाला?

पर्समध्ये मी एक ओढणी टाकली होती. वेळ आली तर देईन, असं स्वतःला सांगून.

वेळ आली. चर्चच्या दारावरच्या माणसानं हात आडवा केला, पाटी दाखवली. मागे रांग थांबली. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "देवाच्या दारात असं येतात? माहेरी काही शिकवलं नाही वाटतं!" दादा खाली बघत राहिला. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. 'ताईंनीच सांगितलं' — एवढं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. माझा हात पर्सच्या चेनवर होता. तिथंच राहिला. माझं शांत असणं त्या दिवशी फार कामी आलं.

ती बाहेर झाडाखाली बसली. मी दोन्ही चर्च पाहिली. आईला पाट्या वाचून दाखवल्या, मराठीत समजावून.

पणजीत आईनं तिला दुकानातून एक ढगळ टी-शर्ट घ्यायला लावला. बोटीवर तो फ्रॉकवर चढवून ती बसली. छातीवर मोठ्या अक्षरांत 'गोवा'. जोडप्यांना बोलावलं तेव्हा दादानं हात पुढं केला. तिनं मान हलवली.

मग वारा सुटला. मला थंडी वाजली आणि मी — विचारही न करता — पर्समधून ओढणी काढून खांद्यांवर घेतली.

वहिनी समोरच होती. तिनं ओढणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पाण्याकडे.

ती कधीच काही बोलली नाही. कपडे घ्यायला मला सोबत नेत नाही, एवढंच. ती ओढणी धुण्यात आली की वहिनीच वाळत घालते. वाळली की नीट घडी करून माझ्या पलंगावर ठेवते.