पाण्याकडं पाठ

मोठ्या मायचा राग पाहायचा असेल, तर तळ्याच्या दिवशी तिच्यासमोर सोयाबीनच्या भावाचा विषय काढायचा. एरवी अख्ख्या टेंभुर्णीत तिच्याइतकी गोड बाई शोधून सापडली नसती, पण त्या दिवशी ती कुणाचीच नव्हती.

मोठी माय म्हणजे माझी थोरली चुलती. दसरा झाला की कोजागिरीच्या आत ती एका संध्याकाळी जाहीर करायची, "उद्या तळ्याचा दिवस." सोयाबीन खळ्यावर, कपाशी फुटलेली, मजुरांची मारामार, आणि अशा ऐन सुगीत ही बाई सगळं घर उचलून गावाबाहेरच्या तलावावर नेऊन बसवायची! तिचे यजमान, आमचे मोठे बाबा, दरवर्षी कपाळावर हात मारायचे. "लोक काय म्हणतील?" ती धपाटे थापता थापता म्हणायची, "तळं भरलंय, शिवार हिरवं हाये, सीताफळं पिकलीत. हे काय उन्हाळ्यात बघायचं का? मी बिलकुल ऐकणार न्हाई."

तळ्यावर तिचा नियम एकच. कामाचं बोलायचं नाही. जो बोलेल त्यानं पाण्याकडं पाठ करून बसायचं आणि हातातलं सीताफळ संपेपर्यंत वळायचं नाही. आता सीताफळ हे काही घाईनं खायचं फळ नव्हे. मोठे बाबा पहिल्या पाच मिनिटांतच "मळणीवाला उद्या..." असं सुरू करायचे, की आलीच आज्ञा, "फिरा तिकडं!" पंचक्रोशीत दरारा असलेला सहा फुटी माणूस मुकाट्यानं बाभळीकडं तोंड करून बिया थुंकत बसायचा. एका वर्षी त्यांनी ओळीनं चार सीताफळं खाल्ली आणि घरी जाईपर्यंत पाणी असं पाहिलंच नाही. "तुमच्या नशिबी बाभळीच," ती म्हणाली, तेव्हा आम्ही हसून हसून लोळलो.

मी संभाजीनगरला नोकरीला लागलो, तरी या दिवसातून सुटका नव्हती. आल्या आल्या ती माझा फोन काढून घ्यायची आणि धपाट्यांच्या फडक्यात बांधून टाकायची. मग टिबुकलीवर पैज लागायची. टिबुकली म्हणजे बदकाच्या पिल्लाएवढा पाणपक्षी. ती इथं बुडी मारते आणि निघते भलतीकडंच. कुठं निघेल ते मोठी माय आधीच बोट करून सांगायची आणि बहुतेक वेळा जिंकायची.

एका साली पाऊसच झाला नाही, तळ्यात थेंब नव्हता. तरी आम्ही गेलोच. "पाणी रुसलं म्हून आपण बी रुसायचं का?" असं म्हणून तिनं भेगाळलेल्या तळात सतरंजी अंथरली. मोठ्या बाबांच्या तोंडून पीकविम्याचं निघालंच. "आता पाठ कुणाकडं करू?" त्यांनी विचारलं. "पाणी जिथं असायचं तिकडं," ती म्हणाली. ते फिरलेसुद्धा!

गेल्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या मीच करून घेतल्या. तळ्याच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी रिपोर्ट आला. तो वाईट होता. घरात अजून कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी मी थेट तळ्यावर पोचलो, तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "मोठी माय, जरा दवाखान्याचं..."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. तिला कळलं असावं.

"फीर तिकडं."

"अगं, हे कामाचं न्हाई."

"कामाचंच हाये. उद्या सकाळी बराबर बोलू. आज फीर." माझ्या हातात तिनं सीताफळ दिलं.

मी फिरलो. बरंच झालं, माझे डोळे तिला दिसले नाहीत. सीताफळ फोडलं. तेवढ्यात पाठीमागून तिचा आवाज आला. "टिबुकली बुडाली बघ. निघाली. संगं दोन पिल्लं हायेत. पल्याडच्या काठाला काश गवताचे पांढरे तुरे आलेत. एक बगळा तुझ्या मोठ्या बाबावानी एकटाच उभा हाये, हलून न्हाई राह्यला." शिक्षा झालेल्या माणसाला तळं सांगत बसायचं, हे तिनं कधीच केलं नव्हतं. माझं सीताफळ संपेपर्यंत ती सांगत राहिली.

संक्रांत काही तिनं पाहिली नाही.

यंदा दसरा झाला, कुणी काही बोललं नाही. आता हे संपलं, असंच मी धरून चाललो होतो. तर मोठ्या बाबांचा फोन. "उद्या तळ्याचा दिवस हाये. जल्दी ये."

तळं काठोकाठ भरलं होतं. मोठे बाबा पाण्याकडं तोंड करून बसले. मग सवयीनं म्हणाले, "काल मळणीवाला आल्ता..." आणि थांबले. फिरा म्हणणारं कुणी नव्हतं. ते आपणहून उठले, बाभळीकडं तोंड करून बसले आणि एक हात मागं केला. मी त्यावर सीताफळ ठेवलं. त्यांनी ते फोडलं नाही, नुसतं धरून ठेवलं. त्यांचे खांदे हलायला लागले.

मी पाण्याकडं पाहिलं.

"मोठे बाबा, टिबुकली बुडाली."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "निघाली का?"

"न्हाई अजून," मी म्हणालो. "बघून राह्यलो."