पिल्लांचं हळदीकुंकू

आमच्या सासूबाईंना कुठलीही नवी गोष्ट घरात कोरडी आलेली चालत नाही. मिक्सर आला, हळदकुंकू. विहिरीवरचा पंप आला, हळदकुंकू. त्यामुळे काशीदच्या रस्त्यानं टेम्पोतून माझी कोंबडीची पिल्लं आली, तेव्हा त्या तबक घेऊन मागच्या पडवीत हजर! पिल्लं तीन जातींची होती: गावठी, अंगानं थोराड गिरिराज आणि काळीकुट्ट कडकनाथ. "सगळ्यांना लावत बसले तर संध्याकाळ होईल," त्या म्हणाल्या. "पाचजणींना लावते, सगळ्यांना पोचेल." आणि पाच मऊ डोक्यांवर त्यांनी ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं.

पिल्लांना उबेत ठेवायचा माझा ब्रूडर साधाच होता. पत्र्याचं कुंपण, खाली भाताचं तूस आणि उबेला वर मोठा पिवळा बल्ब. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आत दोन पिल्लं मरून पडलेली, डोक्याची सालटी निघालेली. बाकीची आणखी काहींच्या मागे लागलेली. नेमके तेव्हाच भाऊजी आले. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. अलिबागच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेत, पण बोलतात ते निकाल दिल्यासारखं. नारळ-सुपारीच्या वाडीत कोंबड्या कशाला, हे त्यांचं पहिल्यापासूनचं पालुपद. "रविवारपर्यंत ही मारामारी थांबली नाही, तर सगळी तळा गावाला मामेभावाकडे जातील," ते म्हणाले. "घरात रक्तपात नको."

मला असा संताप आला म्हणून सांगू! भाऊजींचा नव्हे, पिल्लांचा. मुठीत मावतील एवढी, आणि एकमेकींच्या जिवावर उठलेली! कित्येक महिने घरच्यांच्या मागे लागून मी ती आणली होती. ती गेली असती तर पुन्हा आणायचं नाव काढायची सोय नव्हती.

"तीन जातींचं एकत्र पटायचंच नाही," शेजारच्या काकू म्हणाल्या. नवऱ्याचंही तेच मत पडलं. मी जाती वेगळ्या केल्या. चोची चालूच! कडकनाथ पिल्लू आपल्याच कडकनाथ बहिणीला फोडून काढत होतं. म्हणजे भांडण जातीचं नव्हतंच. मग मी पाट टाकून ब्रूडरसमोर ठाण मांडलं. आत भात करपला, करपू दे म्हटलं. बघता बघता लक्षात आलं की सगळ्यांचा मोर्चा तिघींवरच आहे. आणि त्या तिघी कोण? कुंकू लावलेल्यांपैकी उरलेल्या! लाल दिसलं की चोच.

"अहो आई, लवकर या इकडे!" मी ओरडले.

त्यांना दाखवलं तर त्यांचा चेहराच उतरला. "अगो, म्हणजे त्या दोघी माझ्यामुळे..."

"तुम्ही मायेनं केलंत. या भवान्यांना अक्कल नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

पण त्यांना ते लागलंच. कोमट पाण्याच्या बोळ्यानं तिघींची डोकी त्यांनी स्वतः पुसली. कुंकू गेलं, पण खाली जखमा होत्या, म्हणजे लाल होतंच. त्यावर आम्ही खोबरेल तेलात हळद कालवून लावली. तिघींना आंब्याच्या पेटीत वेगळं ठेवलं, पण मध्ये जाळीच लावली, एकमेकींची ओळख तुटायला नको म्हणून. मग माझ्या डोक्यात आलं, उजेडच लाल केला तर लाल ओळखू कसं येईल? गणपतीच्या मखराच्या खोक्यात जुने लाल बल्ब होते, चांगले तापणारे. पिवळा काढून ते लावले. आणखी एक पत्रा जोडून जागा ऐसपैस केली. वर मुळ्याचा पाला टांगला, म्हणजे रिकाम्या चोचींना उद्योग. संध्याकाळपर्यंत आत अशी शांतता, की मला भीतीच वाटली. वाकून बघितलं, तर सगळ्या पाल्याला लोंबकळत होत्या.

रविवारी तिघींच्या जखमांवर खपल्या धरल्या होत्या. भाऊजी हात मागे बांधून उभे. सासूबाई माझा दंड धरून. मी एकेक पिल्लू आत सोडलं. शेवटी सोडली ती काळी कडकनाथ, डोक्यावर पीस म्हणून नाही. एक थोराड गिरिराज तिच्यासमोर आलं आणि त्यानं मान उंचावली. पण ती काळी भलतीच खमकी! तिनंच आधी त्याच्या पायावर चोच हाणली, टांगलेल्या पाल्याचा तुकडा ओढला आणि पळत सुटली. सगळी फौज तिच्या मागे धावली, पण त्या पाल्यासाठी. डोक्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

"जिंकलो!" मी ओरडले. सासूबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

भाऊजी उकिडवे बसले. त्या काळीकडे निरखून बघू लागले.

"ती टकली तळ्याला जाणार नाही," ते म्हणाले. मग खाकरून पुढे म्हणाले, "आणि एकटीला तिला करमायचं नाही. राहू देत सगळी."