आखडलेले खांदे, वाकडी तोंडं

मी फिजिओथेरपिस्ट. गंगापूर रोडला माझं छोटं क्लिनिक आहे. माझे हात पेशंटच्या गुडघ्यावर असतात, पण तोंड दोघांचंही मोकळं! त्यामुळे व्यायामापेक्षा किस्सेच जास्त जमा होतात.

परवा एका मावशींना म्हटलं, "छातीतून नको, पोटातून श्वास घ्या."

त्या घाबरल्या. "आज उपास आहे, चालेल ना?"

इगतपुरीचे एक रिटायर्ड रेल्वेवाले. खांदा आखडलेला. त्यांना सांगितलं, भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर न्या आणि पेन्सिलीने खूण करा. पुढच्या वेळी छाती काढून आले. "मॅडम, खूण पार छताजवळ गेली!"

मागून त्यांची बायको म्हणाली, "आणि स्टूल कोण धरतंय?"

एका मुख्याध्यापिकाबाईंचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. गालाच्या स्नायूंसाठी मी शिट्टीचा व्यायाम दिला. केबिनचं दार लावून बिचाऱ्या नुसतं फूऽ फूऽ करायच्या. एक दिवस मात्र खणखणीत शिट्टी वाजली. बाई आनंदाने खिडकीशी गेल्या, तर मैदानावर अख्खी सातवी रांगेत उभी!

लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याची मान दुखायची. जमेल तिथे मान खाली-वर करत जा, म्हटलं. आता तिथल्या लिलावात व्यापाऱ्याने मान डोलावली की बोली पक्की, हे मला काय माहीत! दुपारी फोन आला.

"मॅडम, तुमच्या व्यायामात दोन ट्रॅक्टर कांदा घेतला!"

"अरे देवा! मग?"

"मग काय! मान मोकळी झाली ना."

मखमलाबादच्या सुमनकाकूंचं दुखणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. घरची फुलशेती, हार गुंफण्यात आयुष्य गेलेलं. लकव्याने उजवा हात गेला, बोलणंही तुटक झालं. त्यांचे यजमान अप्पा रोज घेऊन यायचे. मी वाटीत राजमा ठेवायची आणि अंगठा-तर्जनीने एकेक दाणा उचलायला सांगायची. बोटं नुसती वाटीत पडून राहायची. काकू तोंड फिरवून रडायच्या.

"पुढल्या आठवड्यापास्नं आणत नाय," अप्पा एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले. "ही घरी गेल्यावर जेवत नाय, मॅडम."

शेवटच्या दिवशी मी पलीकडे दुसऱ्या पेशंटकडे होते. काकूंच्या उजवीकडे बसून अप्पा शेजारच्या बाईंना सांगत होते, "मळ्यात सगळं मीच करायचो. हिला काय, सावलीत बसून हार गुंफायचे, बास!"

आणि एकदम ओरडले, "आई आई आई गं!"

मी वळून पाहिलं. अप्पा खुर्चीतून अर्धे उठलेले. त्यांच्या दंडाला काकूंचा उजवा हात. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला तर्जनी, आणि मध्ये अप्पांची चामडी!

अप्पांनी खाली पाहिलं. हात कुठला ते त्यांना कळलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"सोडू नको, सुमन!" ते ओरडले. "मॅडम येईस्तवर सोडू नको!"