खांबावरची टकटक

चौगुले सर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि मगच बसायचे. कान जवळ नेऊन ऐकायचे, मान हलवायचे, पाणी मागायचे. ती मान ‘हो’ म्हणून हलली की ‘नाही’ म्हणून, हे त्यांच्या कार्यालयात लघुलेखिका म्हणून इतकी वर्षं काढूनही मला कधी उमगलं नाही.

डॉ. नेमगोंडा चौगुले म्हणजे काँक्रीटच्या शास्त्रातलं मोठं नाव. कवठे महांकाळकडच्या जैन शेतकऱ्याचा हा मुलगा. सांगलीत अभियांत्रिकी शिकले, परदेशात संशोधन करून परत सांगलीतच शिकवायला आले आणि शेवटी कुलगुरू झाले. जुन्या पुलांना तडे का जातात, यावरचं त्यांचं लिखाण देशोदेशी वाचलं जाई. पदकं आणि मानपत्रांनी सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्यांच्या घरातलं कपाट भरलं होतं. पण सत्कारासाठी मी त्यांचा परिचय टंकून नेला की ते निम्म्याहून अधिक मजकुरावर काट मारायचे. ‘‘कदमबाई, एवढं वाचस्तवर दिवस मावळंल. मला जेवायचं हाय.’’ सूर्यास्तानंतर ते अन्नाला शिवत नसत. आणि परिषदांमधून अस्खलित इंग्रजीत बोलणारा हा माणूस आमच्याशी मात्र गावाकडचंच बोलायचा.

माझा धाकटा भाऊ दीपक त्यांचा विद्यार्थी. आम्ही मूळचे साताऱ्याचे, वडील फौजेतले. दीपक मात्र बांधकामात शिरला. साताऱ्यात एका शिक्षणसंस्थेनं सभागृह बांधायला काढलं आणि ते काम त्याला मिळालं. त्याचं पहिलंच मोठं काम. सभागृहाला सरांचं नाव द्यायचं आणि उद्घाटनाला त्यांचाच सत्कार करायचा, असं ठरलं. दीपकनं त्या दिवसासाठी नवा कोट शिवला होता.

सर आले, तुतारी वाजली. व्यासपीठाकडे जाता जाता ते डावीकडच्या खांबापाशी थांबले. टकटक केलं. पुन्हा केलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘आपण भाईर बसू.’’

कुणाला काही कळेना. संस्थेचे अध्यक्ष हार घेऊन तसेच उभे. दीपक धावत पुढं आला. ‘‘सर, खांबाचा आवाज न्हाई त्यो. वरचा गिलावा सुटलाय, त्याचा हाय.’’

‘‘आसंल की,’’ सर म्हणाले आणि चालू लागले.

उन्हात खुर्च्या मांडल्या. शाल-श्रीफळ उन्हातच झालं. भाषणात सरांनी सभागृहाबद्दल चकार शब्द काढला नाही. नावाची पाटी भिंतीवर चढली नाही ती नाहीच.

साताऱ्यात गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? ज्याच्या छताखाली कुलगुरू बसले नाहीत तो कंत्राटदार, अशी दीपकची ओळख झाली. ठरलेली कामं हातची गेली. घरात तो कुणाशी धड बोलेना. मला सरांचा भयंकर राग आला होता. एकदा मजकूर घ्यायला बसले असताना राहवलं नाही. ‘‘सर, खांब खरंच कच्चा होता का?’’

‘‘मी कच्चा म्हणलो व्हय?’’

‘‘मग बाहेर का बसलात?’’

‘‘मला कळलं न्हाई म्हणून. आपल्याला जे कळलं न्हाई, त्याच्याखाली माणसं बसवायची नसत्यात, बाई.’’

मी आणखीच चक्रावले. ज्यांच्या कानावर सरकारं विसंबायची, त्यांना एक खांब कळू नये? की कळला होता, आणि माझं मन राखायला असं बोलत होते? आणि न कळल्याची शिक्षा माझ्या भावाला का?

त्यात पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आणखी गोंधळ वाढवला. विश्रामबागेतल्या घरावर एक खोली चढवायची होती, त्यासाठी बोलावलं कुणाला, तर दीपकला. ‘‘ताई, छळायचा बेत दिसतोय म्हाताऱ्याचा,’’ दीपक म्हणाला. पण दुसरं काम नव्हतं, म्हणून गेला. सर रोज खुर्ची टाकून समोर बसायचे. स्लॅबखालचे टेकू निघाल्यावर त्यांनी टकटक केलं आणि त्याच दिवशी आपली खाट वर नेली. ‘‘तुझ्या स्लॅबखाली झोपतोय रं, दीपक.’’ हेही साताऱ्यात पोहोचलं आणि दीपकला पुन्हा कामं मिळू लागली. मग त्यानं सभागृहातल्या त्या खांबाचा गिलावा उतरवून काम नव्यानं केलं. आत काय निघालं ते त्यानं मला सांगितलं नाही. सरांनीही कधी विचारलं नाही.

यंदा त्याच वरच्या खोलीत सर गेले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, ‘‘शोकसभा साताऱ्यात, त्याच सभागृहात घ्या म्हणून सांगून गेलेत. फोटोबी त्याच खांबाजवळ ठेवा म्हणाले.’’ सत्काराला जिथं बसले नाहीत, तिथं शोकसभा! मी काकूंना दोनदा विचारून खात्री करून घेतली.

सभा दुपारीच ठेवली. परिचय मी वाचला. या वेळी काट मारायला कुणी नव्हतं, म्हणून सगळी पदकं, सगळ्या पदव्या वाचल्या. त्या कपाटातलं सगळं मला तोंडपाठ होतं. माणूस मात्र तेवढा कळला नव्हता.

लोक पांगल्यावर मी खांबावर टकटक करून पाहिलं. टकटकीशिवाय मला काहीच ऐकू आलं नाही.

दीपक मागं उभा होता. ‘‘काय कळलं, ताई?’’

‘‘मला काय कळतंय त्यातलं!’’

‘‘मग आपण भाईर बसू,’’ दीपक म्हणाला आणि त्याच खांबाला टेकून रडायला लागला.