थकबाकीदाराच्या दारातला ढोल

महेंद्र जगधने महापालिकेत चौतीस वर्षं शिपाई होता आणि या चौतीस वर्षांत त्याने आवाज चढवल्याचं कोणाला आठवत नाही. कोणत्या महापालिकेत, ते सांगत नाही. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात महापालिकांना तोटा नाही, आणि एकीचं नाव घेतलं की बाकीच्यांना उगाच आनंद होईल.

करविभागाचा शिपाई म्हणजे घरपट्टीची बिलं दारोदार पोचवणारा माणूस. कोणत्या बिल्डिंगचा जिना मागून आहे, कोणत्या सोसायटीचा सेक्रेटरी बिल दिसलं की आतून कडी घालतो, हे त्याला तोंडपाठ. संध्याकाळी कोपरला घरी यायचं, चहा घ्यायचा, विहारातल्या मुलांच्या अभ्यासिकेचं कुलूप उघडून द्यायचं. एवढंच त्याचं आयुष्य होतं आणि त्याला ते पुरत होतं. एकतीस मार्चला साठ पूर्ण होऊन तो निवृत्त होणार होता. निवृत्तीवेतनासाठी एकच कागद बाकी होता. 'कोणतीही विभागीय चौकशी प्रलंबित नाही' असा दाखला. त्यावर सही करअधीक्षक संदेश परुळेकरांची.

नेमकी त्याच मार्चात महापालिका बुडाली. म्हणजे बुडत ती बरीच वर्षं होती, पण मुख्यालयाची लिफ्ट बंद पडली आणि नगरसेवकांना चार मजले चढावे लागले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. लगेच खास सभा लागली. एक गट म्हणाला, राज्याने पैसे द्यावेत. दुसरा म्हणाला, राज्याने कारभारच हातात घ्यावा. तिसऱ्याने टेबलावर मूठ आपटून 'हा शहराच्या स्वायत्ततेवर घाला आहे' असं ओरडून घेतलं. सहा तास चर्चा झाली, मध्ये दोनदा बटाटेवडे झाले. शेवटी ठराव झाला तो वाचला तर त्याचा अर्थ एवढाच निघत होता की सरकारने मदत करावी, पण काही विचारू नये.

यंदाच्या आधी निवडणुकाच नव्हत्या त्या पाच-सहा वर्षांत राज्यानेच बसवलेला प्रशासक इथे राज्य करत होता. मग हस्तक्षेप व्हायचा राहिला होता कुठे, हे विचारायचं मात्र एकालाही सुचलं नाही. महेंद्रला सुचलं. पण तो पाण्याच्या बाटल्या वाटत होता, आणि बाटल्या वाटणाऱ्याला सभागृहात कोण बोलू देतो?

मंत्रालयातून उत्तर आलं. आमचं पथक येईल, आधी तुमची वसुली दाखवा.

झालं. परुळेकरांच्या अंगात आलं. थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवायचा, नाव मोठ्याने वाचायचं, व्हिडिओ काढायचा. मागच्या वर्षी बँड लावला होता. यंदा बँडवाला फोनच उचलेना. मागच्या मार्चचं त्याचं बिल महापालिकेने अजून दिलं नव्हतं. थकबाकीदाराची लाज काढायला निघालेली ही मंडळी!

परुळेकरांनी सगळ्या शिपायांना केबिनमध्ये बोलावलं. "ढोल मी आमच्या मंडळाचा आणलाय. वाजवणारा आपल्यातलाच बघू, खर्च वाचेल."

सहा जण उभे होते. त्यात धाकू होता. हा धाकू दर गणपतीला रजा टाकून गावी जातो आणि दहा दिवस ढोल बडवून हाताला फोड घेऊन येतो, हे अख्ख्या करविभागाला माहीत. परुळेकरांनाही माहीत. रजेवर सही त्यांचीच असते. पण साहेबांची नजर धाकूवरून सरकली आणि महेंद्रवर येऊन थांबली.

"महेंद्र, तुम्ही घ्या. तुम्हाला जमेल. तुमच्याकडे असतंच ना ते."

धाकू स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिला. 'तुमच्याकडे' म्हणजे कोणाकडे, हे सहाही जणांना कळलं होतं. परुळेकरांना मात्र आपण काही वावगं बोललो असं वाटलंही नाही, आणि मला या माणसाचा राग येतो तो यासाठीच. त्यांनी शिवी दिली असती तर निदान दिली हे त्यांना माहीत तरी असतं.

महेंद्रचा बाप देवराम सातारा जिल्ह्यातला. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा अठरा वर्षांचा होता. महिनाभराने गावातून डफडं पाठवलं, दवंडी द्यायला. देवरामने हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, आता हे काम आमचं नाही. गावाने पाणी बंद केलं, दळण बंद केलं. देवराम बायकोला घेऊन विठ्ठलवाडीला आला आणि रस्ते झाडायला लागला. झाडू हातात घेताना त्याला कमीपणा वाटला नाही. तो पगाराचा होता, सुट्टीचा होता, आणि नको असेल तर सोडता येणारा होता. महेंद्र हे ऐकतच मोठा झाला.

"बघतो साहेब," एवढं म्हणून तो घरी आला आणि बायकोला, मायाला सगळं सांगितलं.

माया वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावणाऱ्या कंपनीत आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बारा दिवस राहिलेत ना? मारा चार टिपऱ्या आणि मोकळे व्हा."

"बाबांनी गाव सोडलं गं त्याच्यासाठी."

"त्यांच्याकडे सोडायला गाव तरी होतं. तुम्ही काय सोडणार, पेन्शन? माझ्या गुडघ्यांकडे बघा जरा. प्रियांकाला बाळंतपणाला माहेरी आणायचंय. त्या परुळेकरची सही नाही झाली तर कोण दारात उभं करणार आहे आपल्याला?"

ती चुकीचं बोलत नव्हती. तो जेवला नाही. ती रागावली आणि तिनेही जेवण झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो परुळेकरांसमोर उभा राहिला. चौतीस वर्षांत त्याने ऑफिसात दुसरं काही नाही तरी एक शिकून घेतलं होतं.

"साहेब, वाजवायचं लेखी द्या. आणि सहा जणांत मलाच का, तेही त्यात लिहा."

परुळेकर हसले. मग हसायचे थांबले. "अहो, एवढ्याशा गोष्टीला लेखी काय? फॅमिलीसारखे आहोत आपण."

"मग तोंडीच सांगा, साहेब. मलाच का?"

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. दाराशी उभा असलेला धाकू तेवढ्यात म्हणाला, "साहेब, आमच्यातल्या कोणाला सांगणार असाल तर आम्हालापण लेखीच द्या." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आदल्या दिवशी चपला न्याहाळणारा हाच धाकू. उशिरा का होईना, त्याला वाचा फुटली.

चोवीस मार्चला पथक आलं. दोन अधिकारी, दोन गाड्या, छत्री धरायला एक माणूस. मोबाइल सरसावून पत्रकार उभे. आणि ढोल गळ्यात अडकवून स्वतः संदेश परुळेकर! मंडळाच्या मिरवणुकीत हा मनुष्य फक्त फोटोपुरता ढोलाला हात लावत असावा, कारण ताल असा धरला होता की कुत्रीसुद्धा लांब गेली.

"महेंद्र, निदान यादी तरी वाचाल ना?" ते दातओठ खात म्हणाले.

"वाचतो की," महेंद्र म्हणाला. वाचायला त्याची कधीच ना नव्हती.

यादी थकबाकीच्या उतरत्या क्रमाने छापलेली. उभे होते ते एका जुन्या चाळीच्या दारात, आणि त्या चाळीचं नाव यादीत एकशे बाराव्या जागी. परुळेकरांनी त्यावर पिवळी खूण केली होती. महेंद्रने खूण पाहिली, चाळीच्या पायरीवर येऊन थांबलेल्या बायका पाहिल्या, आणि पान उलटून पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. पहिल्या क्रमांकावर राज्य सरकारच्याच एका खात्याचं कार्यालय होतं. अकरा वर्षांची घरपट्टी. दुसऱ्या क्रमांकावर त्याच खात्याची वसाहत. तिसऱ्यावर एका नगरसेवकाचं मंगल कार्यालय. महेंद्रने स्पष्ट, शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. परुळेकर ढोल बडवत राहिले, कारण थांबले असते तर शब्द अजूनच ऐकू आले असते. पथकातल्या मोठ्या साहेबांना त्याच क्षणी फोन आला आणि ते गाडीत जाऊन बसले. चाळीतली एक म्हातारी टाळ्या वाजवत होती.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत फिरला. सरकारने मदत द्यावी की कारभार हातात घ्यावा, यावर पुढाऱ्यांनी पुन्हा मुलाखती दिल्या. सरकारने आधी स्वतःची घरपट्टी भरावी, असं त्यातला एकही म्हणाला नाही. तिसऱ्या क्रमांकाचं मंगल कार्यालय ज्याचं, त्याची मुलाखत सगळ्यात लांबलचक झाली.

दोन दिवसांनी महेंद्रच्या हातात नोटीस पडली. आदेश तोंडी होता, पण नोटीस मात्र लेखी, जावक क्रमांकासकट. वरिष्ठांचा आदेश डावलून वाद्य वाजवण्यास नकार, शिस्तभंगाची कारवाई का करू नये, तीन दिवसांत खुलासा. यादी वाचल्याबद्दल अवाक्षर नव्हतं. ते लिहिलं असतं तर यादी पुन्हा वाचावी लागली असती.

परुळेकरांनी त्याला खुर्ची दिली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. "मला तुमचं वाईट करायचं नाही. दोन ओळी लिहा. हात दुखत होता, म्हणून वाजवू शकलो नाही. बस्स. मी लगेच दाखल्यावर सही करतो. विषय संपला."

महेंद्र कोरा कागद घेऊन घरी आला. हात दुखत होता. एवढं खोटं तर माणूस रजेच्या अर्जात रोज लिहितो. पण हे लिहिलं की त्याचा अर्थ व्हायचा, हात बरा असता तर वाजवला असता. त्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं, कागद ओढला आणि लिहिलं.

"माझा हात ठणठणीत होता. ढोल वाजवण्यास मी नकार दिला, हे खरे आहे."

खाली सही केली, तारीख घातली आणि कागद मायाकडे सरकवला. आता ही भांडणार, असं त्याला वाटलं. तिने वाचला. पुन्हा वाचला. मग मोबाइल उचलून कंपनीच्या सुपरवायझरला फोन लावला.

"सर, माया बोलतेय. पुढच्या महिन्यापासून माझी जादा पाळी लावा. हो, रोजची." फोन ठेवून ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि कागद त्याच्या हातात दिला. "उद्या सकाळी जमा करा. पोच घेतल्याशिवाय हलू नका तिथून."