जाळी नसलेलं शिरस्त्राण घेऊन तीन दिवस: माझगाव, कॉटन ग्रीन, डिलाईल रोड

१. तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी, सकाळी साडेदहाला, परळच्या हॉलमध्ये आमचा सराव होता.
२. माझा तिसरा वार मानसीच्या शिरस्त्राणाच्या जाळीवर बसला. तलवार बोथट होती. वार नियमात होता.
३. जाळीच्या पाच सळयांपैकी मधली तुटली आणि आत वाकली.
४. मानसीच्या डाव्या भुवईवर तीन टाके पडले. डोळ्याला काही झालं नाही.
५. शिरस्त्राण मी बनवलं होतं. फक्त वेल्डिंग माझगावच्या परबकाकांनी केलं होतं.
६. मी हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं की वेल्ड कच्चा होता.
७. त्यानंतर मानसी सरावाला आलेली नाही. फोन उचलते, "बरी आहे" म्हणते आणि ठेवते.
८. गेल्या सोमवारी परबकाकांचा निरोप आला: तुटलेला तुकडा घेऊन ये.

म्हणून हा प्रवास. गिरगावातून निघायचं, गिरगावातच परतायचं, मधे तीन दिवस. यापेक्षा छोटा प्रवास मी या ब्लॉगवर लिहिलेला नाही.

नव्या वाचकांसाठी थोडं. आम्ही अकरा जण रविवारी जुन्या पद्धतीची चिलखतं घालून लढतो. चिलखतं नवी असतात, घडण जुनी. कड्यांचं चिलखत, आत गोधडीसारखा शिवलेला जाड अंगरखा, डोक्यावर पोलादी शिरस्त्राण. सगळं मिळून माझ्या अंगावर साडेसतरा किलो चढतं. आत शिरलं की पहिली दोन मिनिटं फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो. सळयांमधून जग सहा उभ्या पट्ट्यांत दिसतं आणि समोरचा माणूस एका पट्टीतून दुसरीत सरकत जातो, पाण्याखाली चालल्यासारखा. मी आणि मानसी जोडीने लढतो. ती डावीकडे, मी उजवीकडे. माझी डावी बाजू मला दिसत नाही. ती मानसी बघते.

शिक्षणाने मी धातुशास्त्रवाली आहे. पोलाद का तुटतं हे प्रयोगशाळेत तपासून लिहून देणं हे माझं नोकरीतलं काम.

मंगळवार, अष्टमी. माझगाव.

शिरस्त्राण आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत टाकलं. गिरगावातून माझगाव चालत पाऊण तास आहे, पण तीन किलो पाठीवर असेल तर बस घ्या. कंडक्टरने पिशवीवर टिचकी मारली.

"काय मॅडम, कुकर?"

"शिरस्त्राण."

"बरं," तो म्हणाला आणि तिकीट दिलं. मुंबईत मला आवडणाऱ्या गोष्टींपैकी ही एक.

परबकाकांची शेड जुन्या चर्चच्या मागच्या गल्लीत आहे. आयुष्यभर त्यांनी गोदीत जहाजांचे पत्रे वाकवले. आता निवृत्त आहेत आणि लोकांचे जिने, गेट आणि आमची शिरस्त्राणं करतात. समुद्र दिसत नाही, पण हवेत असतो. दोन दिवस तेल लावलं नाही तर कड्यांवर तांबूस साय धरते. (खोबरेल लावू नका, चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल उत्तम.)

"काय गो, इलंस? तुकडो हाडलंस?"

मी तुकडा दिला. काका तो दारातल्या उन्हात घेऊन गेले. बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. मग मला बोलावलं आणि करंगळीचं टोक वेल्डवर ठेवलं.

"माझो वेल्ड हंय." मग अंगठा दोन सेंटिमीटर वर नेला. "सळी तुटली हंय. आणि ह्या बघ. साखरेसारखां चमाकतां."

मला बघायची गरज नव्हती. कडक झालेलं पोलाद मऊ न करता वापरलं की तुटलेली कड अशीच दिसते, दाणेदार, लखलखीत. सळया तापवून तेलात विझवल्यावर त्या पुन्हा मंद आचेवर तासभर ठेवायच्या असतात. त्याने कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. त्या सळया मी विझवल्या आणि तो तास न देता तशाच काकांकडे वेल्डिंगला आणल्या. पुढच्या रविवारी सराव होता आणि मला तो चुकवायचा नव्हता. नोकरीत असा तुकडा टेबलावर आला तर मी दोन ओळींत कारण लिहून दिलं असतं. हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत असताना मी दुसरंच कारण दिलं.

"तुका म्हायत होतां, नाय?"

"हो."

"तुमच्यातलो एक पोरगो येवन गेलो. म्हणालो, काका, आता आमचां काम नको."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला. काकूंनी घरून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ पाठवली होती, त्यातला अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला. मग आम्ही जुनी जाळी कापून काढली, नव्या पाच सळया तापवून वाकवल्या आणि राखेत गार होत ठेवल्या. या वेळी वेल्ड नाही, ठोकून बसवायचे रिव्हेट. सळया विझवणं, तो तास आणि रिव्हेट एवढंच उरलं.

"उद्या आठला येते," मी म्हणाले. बुधवारची रजा मी त्यासाठीच घेतली होती.

काका हसले. "उद्या काय आसा?"

मी तापमानाचा तक्ता मिनिटामिनिटांसह लिहून आणला होता. कालनिर्णय बघितलं नव्हतं. उद्या खंडेनवमी होती.

"हत्यारांका सुट्टी. परवा ये, दसऱ्याक."

"काका, दोन तासांचं तर काम आहे."

"त्या हातोडीक जाऊन सांग."

बुधवार, खंडेनवमी. कॉटन ग्रीन ते डिलाईल रोड.

तरीही मी निघाले. कॉटन ग्रीनला एका ओळखीच्या कारखान्यात विजेची भट्टी आहे. सळया काकांकडे होत्या, पण भट्टी तासभर मिळणार असेल तर मी त्या मागून आणल्या असत्या. बिनजाळीचं शिरस्त्राण पाठीवर घेऊन जुन्या गोदामांच्या रस्त्याने चालले. ट्रक भिंतींना लागून उभे, प्रत्येकाच्या तोंडावर झेंडूची माळ. एरवी या रस्त्यावर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी मला माझ्याच चपलांचा आवाज येत होता.

कारखान्याचं दार सताड उघडं होतं. आत लेथ धुऊन पुसून ठेवलेला, त्याच्या चकावर हळदकुंकू. ड्रिलला हार. नट आवळायचे पाने मोठ्यापासून लहानापर्यंत लाल कापडावर निजवलेले. भट्टीच्या दारावर स्वस्तिक होतं. मालक नवा सदरा घालून पेढ्यांचा खोका घेऊन उभे होते.

"मॅडम, भट्टी आज बसलीये. तिला उठवू नका."

मग त्यांची नजर पिशवीकडे गेली. "त्यात काय?"

मी दाखवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, पान्यांच्या रांगेशेजारी ठेवलं आणि जिथे जाळी असायला हवी त्या रिकाम्या जागेत एक फूल ठेवलं. माझी परवानगी विचारली नाही. पेढा खाल्ला आणि ते शिरस्त्राण इतर हत्यारांसारखंच निजलेलं बघत बसले. छपराच्या काचेतून ऊन खाली येत होतं. त्यात तेलाचा वास होता आणि झेंडूचा.

तिथून लालबाग. मसाल्याच्या गल्लीत मिरची कुटायचे डंकही गप्प होते, तरी मिरचीचा खाट हवेत होताच. पाव किलो चिवडा घेतला. मग करी रोडचा पूल. पुलावर मी थांबले. डावीकडे उतरलं की डिलाईल रोड आणि मानसीची चाळ. परत फिरायला बस समोर उभी होती.

चाळीच्या जिन्यावरच मला ते ऐकू आलं. सकाळपासून एकही यंत्र ऐकलं नव्हतं, म्हणून आधी ओळखू आलं नाही. शिलाई मशीन चालू होतं.

मशीनवर शोभामावशी होत्या, मानसीच्या आई. आमच्या दोघींचे अंगरखे त्यांनीच शिवलेत.

"ये. ती कामावर गेलीय," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"मावशी, आज मशीन चालू?"

"आमच्यात नाही गं ते. उद्या अशोक विजयादशमी, सकाळी विहारात जायचंय. सगळ्या बायकांना आजच पांढरे ब्लाऊज हवेत." मशीन थांबलं नाही. "अख्ख्या एरियात माझंच एकटीचं चालूय बघ. पिशवीत काय, तेच का?"

"तेच."

"दाखव."

मी दाखवलं नाही. आधी बोलले. वेल्ड पक्का होता. सळया मी घाईत तशाच लावल्या. हॉलमध्ये खोटं सांगितलं. तीन वाक्यं होती. जिन्यावर मी ती तीनदा मनात म्हणून पाहिली होती.

मशीन थांबलं. खाली कुणीतरी नळाखाली बादली सरकवली, तेवढाच आवाज.

"किती वेळाचं काम होतं, तू सोडलेलं?"

"एक तासाचं."

"तासाचं." मावशींनी डब्यातून एक सुई काढली आणि अर्धीच चिमटीबाहेर ठेवून आडवी धरली. "टाका आणि डोळा यात एवढं अंतर होतं. मी रोज औषध लावत होते, मला माहितीय."

मी सुईकडे बघत राहिले. दीड सेंटिमीटर असेल. मनात लगेच मोजमाप आलं याची मला लाज वाटली.

"उलटं कर ते," मावशी म्हणाल्या.

त्यांनी शिरस्त्राणात हात घातला आणि आतलं अस्तर चाचपलं. मग ते उसवून काढलं. त्यावर वाळलेला तपकिरी डाग होता. तो त्यांनी माझ्यासमोर घडी करून बाजूला ठेवला. पांढऱ्या कापडाच्या उरलेल्या पट्ट्या कापल्या, मधे कापसाचे थर घातले आणि चौकटी मारत शिवायला बसल्या. भुवईच्या जागी त्यांनी एक थर जास्त घातला.

"हे तुझ्यासाठी नाही करत."

"माहीत आहे."

"ती परत लढेल का, ते मला विचारू नकोस. मला ते भांड्यांचं भांडण कधी कळलंच नाही."

"तिला तुम्ही सांगाल?"

"मी कशाला? तोंड तुला नाही का?"

"ती फोन ठेवते."

"मग लिही. तू प्रवासाचं लिहितेस ते सगळं वाचते ती. मलाही वाचून दाखवते, कुठे काय खाल्लंस." त्यांनी दाताने दोरा तोडला. "चिवडा आणलास तो ठेव तिथे."

गुरुवार, दसरा. माझगाव.

सकाळी आठला पोहोचले तेव्हा काकांनी हातोडीवरचं फूल उचलून स्टोव्हच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. सळया तापवल्या, तेलात विझवल्या. मग त्या वाळूच्या कढईत पुरल्या. चणे भाजायची असते तशीच कढई, खाली मंद आच. काकांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि स्टूल दिलं.

"बस. आता उठू नको."

तो तास मी पूर्ण बसले. फोन पाहिला नाही. दर दहा मिनिटांनी काका चिमट्याने एक सळई काढून कानशीने तिचं टोक घासत आणि मला दाखवत. आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळ्यानंतर थोडा वेळ काहीच होत नाही असं वाटतं. गल्लीतून कुणी आपट्याची पानं घेऊन गेलं, चर्चची घंटा वाजली. आणि मग एकदम सळईवर निळा उतरला, संध्याकाळ उतरते तसा, टोकाकडून आत. काकांनी आच बंद केली. घड्याळात त्रेपन्न मिनिटं झाली होती. उरलेली सातही आम्ही थांबलो.

रिव्हेट मी मारले, काकांनी धरलं. मावशींचं अस्तर चपखल बसलं.

"आता घाल डोक्यार," काका म्हणाले.

मी घातलं. नव्या कापसाचा आणि मशीनच्या तेलाचा वास. सहा पट्ट्या. चौथीत काका, हातात लाकडी हातोडा.

"मिटू नको हां डोळे."

त्यांनी मधल्या सळईवर सात वेळा मारलं, दर वेळी थोडं जोरात. आत तो आवाज देवळातल्या घंटेखाली उभं राहिल्यासारखा येतो, आणि विरून गेला की शांतता आधीपेक्षा मोठी वाटते. पहिल्या फटक्याला माझे डोळे मिटले. उरलेल्या सहांना नाही. सळई जराही वाकली नव्हती.

काकांनी आपट्याचं पान दिलं. मी पाया पडले. एरवी मी कुणाच्या पडत नाही.

आता गिरगावात घरी आहे. शिरस्त्राण टेबलावर आहे, पातळ तेलाचा हात देऊन, आईच्या त्याच साडीवर. संध्याकाळी आमच्या अकरा जणांच्या ग्रुपवर लिहिलं की वेल्ड पक्का होता, चूक माझी होती, आणि काम परबकाकांकडेच न्या. सहा जणांनी वाचलंय. अजून कुणी काही लिहिलेलं नाही.

मानसी, हे आधी तुला सांगायला हवं होतं. त्या दिवशी तू हॉलच्या पायरीवर कपाळाला रुमाल लावून बसली होतीस आणि मला म्हणालीस, "तुझी चूक नाही गं." मी गप्प राहिले.

जोडीची लढत दिवाळीच्या आधीच्या रविवारी आहे. तुला हवं असेल तर हे शिरस्त्राण मी घालेन आणि माझं तू घाल. तुला लढायचंच नसेल तर मी एकटीचं नाव देणार नाही. जोड्यांची नावं शनिवारी द्यायची आहेत. हो किंवा नाही, शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत कळव.